योजना मंजूर, तरी हातात बिल: फुले योजनेच्या रुग्णाला असं लुबाडतात

छातीत कळ येते म्हणून माणसाला मध्यरात्री दाखल करतात. अँजिओग्राफीत ब्लॉक दिसतो आणि काउंटरवरून निरोप येतो, "योजनेची मंजुरी यायला दोन दिवस लागतील, आत्ता पन्नास हजार भरा." घरचे उसनवारी करून पैसे आणतात. इथेच पहिली फसवणूक होते. राज्य सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अत्यवस्थ रुग्णासाठी फोनवरून तातडीची मंजुरी घेण्याची सोय आहे आणि ती घेणं हे रुग्णालयाचं काम आहे. योजनेतल्या उपचारासाठी अनामत रक्कम मागताच येत नाही.

पैशांपेक्षा मोठा घात एक कागद करतो. दाखल करताना सहा-सात संमतीपत्रं एकदम पुढे येतात. त्यांच्या मधोमध एका कागदावर ओळ असते: 'मला योजनेची माहिती दिली आहे, मी स्वखुशीने रोखीने उपचार घेत आहे.' ऑपरेशन थिएटरच्या दाराशी उभा असलेला मुलगा ती वाचत नाही. पुढे तक्रार केली की हीच सही पुढे केली जाते. त्यामुळे 'स्वखुशीने' हा शब्द दिसला की थांबा. सही केल्याशिवाय उपचार सुरू करणार नाही असं म्हणत असतील, तर सहीच्या वरच 'आम्हाला योजनेतून उपचार हवे आहेत' असं स्वतःच्या हाताने लिहा, तारीख आणि वेळ टाका आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

काही वेळा नकार खराही असतो. रुग्णालय योजनेत असलं तरी सगळ्या विभागांसाठी असतंच असं नाही, आणि काही शस्त्रक्रिया फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. पण हे काउंटरवाल्याच्या तोंडून ऐकून परत फिरू नका. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णांच्या मदतीसाठी योजनेने तिथे नेमलेल्या माणसाला, गाठा. तो जागेवर नसेल तर 155388 किंवा 1800 233 2200 वर फोन करून आजाराचं आणि रुग्णालयाचं नाव सांगा. शिधापत्रिका आणि फोटो असलेलं ओळखपत्र जवळ ठेवा. पिवळी, केशरीच नव्हे, आता पांढरी शिधापत्रिकाही चालते.

दुसरा सापळा 'फरका'चा. तो बहुधा स्टेंटवरून, म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या बारीक जाळीवरून, लावतात. "योजनेतला स्टेंट साधा असतो, इंपोर्टेड हवा तर वरचे पैसे भरा." मंजूर पॅकेजमध्ये, म्हणजे योजना त्या उपचारासाठी रुग्णालयाला देते त्या ठरलेल्या एकत्रित रकमेत, स्टेंट, औषधं, तपासण्या, जनरल वॉर्डची खाट, रुग्णाचं जेवण आणि घरी परतीचं एस.टी. किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडंही धरलेलं असतं. शिवाय फेब्रुवारी 2017 पासून स्टेंटला सरकारने कमाल किंमत ठरवून दिली आहे आणि ती देशी-विदेशी दोन्हींना सारखीच लागू आहे. स्टेंटच्या खोक्यावर कंपनी, बॅच क्रमांक आणि मुदत छापलेलं स्टिकर असतं. ते रुग्णाच्या फाइलमध्ये चिकटवलेलं आहे का पाहा, त्याचा फोटो घ्या. बिलावरही स्टेंट वेगळ्या ओळीत, कंपनीच्या नावासह आणि बॅच क्रमांकासह दिसला पाहिजे. 'साहित्य खर्च' असा एकच मोघम आकडा चालवून घेऊ नका.

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे दुहेरी वसुली: रुग्णाकडून रोख घ्यायची आणि योजनेकडेही दावा लावायचा. याची खूण नेमकी आहे. योजना लागू नाही असं सांगितलेलं असताना कोणी खाटेवर रुग्णाचा फोटो काढत असेल, अंगठा घेत असेल किंवा शिधापत्रिकेची प्रत मागत असेल, तर कशासाठी ते तिथल्या तिथे विचारा. घरी आल्यावर हेल्पलाइनला शिधापत्रिका क्रमांक सांगून आपल्या नावावर दावा गेला आहे का, याची खात्री करा. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांचं संरक्षण असतं. खोटा दावा लागला की ते तुमच्या वाट्यातून कमी होतं.

पॅकेजचे दर कमी आहेत आणि सरकारकडून पैसे उशिरा मिळतात, अशी रुग्णालयांची तक्रार असते. त्यात तथ्य आहे. पण ते भांडण त्यांनी सरकारशी करावं. खाटेवर पडलेल्या माणसाच्या घरच्यांकडून त्याची वसुली हा सरळ अन्याय आहे.

पैसे गेलेच असतील तर प्रत्येक रकमेची छापील पावती मागा. कोऱ्या चिठ्ठीवरचा आकडा तक्रारीत टिकत नाही. उपचारांच्या कागदपत्रांची प्रत लेखी मागितल्यावर 72 तासांत मिळाली पाहिजे. मग पावत्या, डिस्चार्ज कार्ड आणि शिधापत्रिकेची प्रत जोडून योजनेच्या जिल्हा समन्वयकाकडे आणि जिल्हा शल्यचिकित्सकाकडे लेखी तक्रार द्या. पोहोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय तिथून उठू नका.