कोथरूड की कसबा: रॉडमन कुणाला द्यायचा आणि एमव्हीपीचं मत कुणाला

परवा रात्री पावणेबाराला हडपसरवाल्याची साडेतीन मिनिटांची व्हॉइस नोट आली, त्यातली पहिली दीड मिनिटं मगरपट्ट्याच्या ट्रॅफिकला शिव्या, आणि मग मुद्दा काय तर आपल्या कॉम्प्युटरवरच्या बास्केटबॉल लीगमध्ये त्याच्या टीममधल्या डेनिस रॉडमनसाठी दोन ऑफर आल्यात, एक कोथरूडची एक कसब्याची, शनिवारी रात्री दहाला डेडलाईन, अर्ध्या सीझनच्या अवॉर्डची, म्हणजे एमव्हीपी (सगळ्यात मोलाचा खेळाडू) वगैरेची, मतंही तेव्हाच द्यायचीत, "तूच सांग बाबा, मला काही सुधरत नाहीये." म्हटलं फोनवर सांगत बसण्यापेक्षा लिहूनच टाकतो, बाकीच्यांनीही वाचा, मतं तुम्हालाही द्यायचीच आहेत.

आधी माझा स्वार्थ सांगून ठेवतो म्हणजे नंतर कुणी बोलायला नको. माझी टीम कर्वेनगर, २४-१७ (२४ विजय, १७ पराभव), तिसरा नंबर. त्यामुळे कसबा अजून तगडं झालेलं मला परवडणारं नाहीये. हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

नवीन आलेल्यांसाठी दोन ओळीत: आठ जण, आठ टीम, ज्याचं घर जिथे ते टीमचं नाव. खेळाडू एनबीएच्या (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) कुठल्याही काळातला घ्या पण त्याचा एकच सीझन मिळणार, त्या वर्षीचे आकडे म्हणजे त्याचं कार्ड. ८२ मॅचेस कॉम्प्युटर खेळतो, आपण फक्त रविवारी सकाळी माझ्याकडे इस्त्रीच्या टेबलावर ठेवलेल्या लॅपटॉपवर ओळी सरकताना बघत चहा पितो. बायकोच्या भाषेत, "आठ घोडे मिळून एक्सेल शीट बघतात."

तर टेबल असं आहे. कोथरूड ३१-१०, कसबा २८-१३, मग मी, मग औंध २२-१९, आणि हडपसर २०-२१. पहिले चार प्लेऑफला जातात, पहिला विरुद्ध चौथा. म्हणजे हडपसर चौथ्या जागेपासून फक्त दोन विजय लांब आहे आणि पोचलंच तर बहुतेक पहिल्या नंबरवाल्याशीच गाठ पडणार. हे महत्त्वाचंय, याच्यावर परत येतो.

कोथरूड म्हणजे विल्ट चेंबरलेन, १९६१-६२ चं कार्ड. मॅचमागे ५०.४ पॉइंट, २५.७ रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर पकडलेले बॉल), आणि मिनिटं ४८.५, म्हणजे मॅच ४८ मिनिटांची आणि हा माणूस ओव्हरटाइम धरून त्याच्याही वर. त्या अख्ख्या सीझनमध्ये तो फक्त आठ मिनिटं बाहेर बसला होता. ऑक्शनला कोथरूडवाल्याने त्याच्यावर एवढे पैसे उडवले की उरलेली टीम जुन्या बाजारातून आणल्यासारखी आहे, एक रे ॲलन सोडला तर. कसब्याच्या काकांनी मात्र शांतपणे हकीम ओलाजुवॉन १९९३-९४ आणि स्टेफ करी २०१५-१६ अशी जोडी लावली. एक आत, एक बाहेर, एकाला डबल केलं, म्हणजे दोघांनी घेरलं, की दुसरा मोकळा. काका गेली वीस वर्षं डेक्कन जिमखान्याच्या कोर्टवर पोरांना हेच ओरडून सांगतात आणि आता कॉम्प्युटरकडून करून घेतायत.

आता टेबल बघून सगळे म्हणतात कोथरूड पुढे. मला नाही पटत. मॅच कितीने जिंकली-हरली त्याची सरासरी काढली तर कोथरूड प्लस ५.१ आणि कसबा प्लस ८.४ आहे. बास्केटबॉलमध्ये ढोबळ हिशोब असा की सरासरी एका पॉइंटच्या फरकाला ८२ मॅचमध्ये अडीच-पावणेतीन विजय मिळतात, म्हणजे ४१ मध्ये साधारण सव्वा-दीड. त्या हिशोबाने कोथरूडचे २७ विजय व्हायला हवे होते आणि कसब्याचे ३१. म्हणजे टेबल जवळपास उलटं! मग चार विजय आले कुठून? पाच किंवा कमी पॉइंटने सुटलेल्या मॅचेस बघा, कोथरूड ११-२, कसबा ४-८. आणि निव्वळ नाणं उडवलं तरी ४१ मॅचमध्ये तीन-साडेतीन विजय सहज इकडेतिकडे होतात, त्यामुळे यात काही जादू नाहीये.

त्यातली एक मॅच तर डोळ्यांसमोर झाली. दोन रविवार झाले. कसबा एकाने पुढे, सहा सेकंद बाकी, ओळ आली की हकीमचा विल्टवर फाउल, दोन फ्री थ्रो (मोकळे शॉट, एकाला एक पॉइंट). विल्टच्या कार्डवर फ्री थ्रो ६१ टक्के आहे, म्हणजे दोन्ही पडायची शक्यता चाळीसच्याही खाली. पहिला पडला. तेवढ्यात लाईट गेली, वायफाय गेलं, पण लॅपटॉप बॅटरीवर चालू होता आणि स्क्रीनच्या उजेडात काकांचा चेहरा तेवढा दिसत होता. दुसरा पण पडला. काकांनी कपातला उरलेला चहा न पिता तसाच बशीत ओतला, आणि एवढंच म्हणाले, "त्या शंभरच्या मॅचला पण अठ्ठावीस टाकले होते मेल्याने." खरंय ते, २ मार्च १९६२ ला हर्शीमध्ये शंभर पॉइंट केले तेव्हा ३२ पैकी २८ फ्री थ्रो गेले होते, आणि ते पण खालून दोन्ही हातांनी उडवून. पण तो एक दिवस होता. पाच महिने रोज असं होणार नाही, जो ६१ टक्क्यांचा माणूस शेवटच्या मिनिटात तुमच्या हातातला मुख्य हुकूम आहे त्याच्या जिवावर ११-२ टिकत नसतं.

मार्जिनवाल्यांनी, म्हणजे किती पॉइंटने जिंकलं ते मोजणाऱ्यांनी, पण फार उडू नये म्हणा. २०१५-१६ मध्ये गोल्डन स्टेट ७३-९ होते आणि सॅन अँटोनियो ६७-१५, विजयांत सहाचा फरक, पण सरासरी मार्जिन जवळपास सारखं, दोघांचंही साडेदहाच्या थोडं वर. आणि चॅम्पियन झालं कोण, तर १-३ ने मागे पडलेलं क्लीव्हलँड. तरीपण मला आत्ता शंभर रुपये लावायला सांगितले तर कसबा.

मग रॉडमन कुणाला? इथे लोक गडबड करतात, जो जिंकणार त्याच्याशी ट्रेड करायचा असं वाटतं त्यांना. अरे तुला तो जिंकून काय मिळणार आहे?

तुझ्या रॉडमनचं कार्ड १९९१-९२ चं आहे, १८.७ रिबाउंड, आणि शॉट जवळपास मागतच नाही. सिम्युलेशनमध्ये असा माणूस सोन्यासारखा, कारण बॉल एकच असतो आणि सगळ्यांनी पाच-पाच स्टार भरलेत. कसब्याला तो कोंदणात बसल्यासारखा बसेल. त्यांचा पॉवर फॉरवर्ड (रिंगजवळ खेळणारा, रॉडमनच्याच जागेचा) सध्या रिबाउंडला कापूस आहे, हकीम एकटा लढतो, रॉडमन आला की हकीम थोडा मोकळा होईल आणि करीला जास्तीचे शॉट मिळतील. कोथरूडला मात्र रॉडमनचा उपयोग निम्मा. रिबाउंड विल्ट आधीच ओढतोय, एकाच रिंगखाली दोघं उभे राहिले तर आकडे वाटून घेणार, आणि लांबून न मारणारे दोन जण एकदम कोर्टवर म्हणजे विल्टवर तिघं येऊन बसतील. हे कोथरूडवाल्याला कळत नाहीये कारण तो फक्त पॉइंट आणि रिबाउंडचे कॉलम बघतो.

आता तुला मिळणार काय ते बघ. कसबा देतंय गॅरी पेटन १९९५-९६, १९.३ पॉइंट, ७.५ असिस्ट (ज्यावर दुसऱ्याने बास्केट केली असे पास), त्या वर्षीचा डिफेन्सिव्ह प्लेयर ऑफ द इयर. कोथरूड देतंय रे ॲलन २००५-०६, २५.१ पॉइंट आणि २६९ थ्री (लांबून मारलेले तीन पॉइंटवाले शॉट), तेव्हा तो एका सीझनचा रेकॉर्ड होता. (दोघंही सिॲटलचे. ती टीम २००८ ला उचलून ओक्लाहोमाला नेली, आपल्याकडे नुसतं स्टँड हलवलं तरी केवढी बोंब होते.) कागदावर पेटन मोठा खेळाडू, मान्य. पण तुझ्याकडे मॅजिक जॉन्सन आहे, १९८६-८७ चा, १२.२ असिस्टवाला. बॉल मॅजिकच्या हातात असला तरच तुझी टीम चालते, मग पेटन कोपऱ्यात उभा राहून करणार काय, त्याची शूटिंग कोपऱ्यात उभं राहण्याची नाहीच. ॲलनला मात्र मॅजिकने पास द्यायचा आणि त्याने टाकायचा, विचार करायचं कामच नाही. तुझी टीम बाहेरून मारण्यात आपल्यात शेवटून दुसरी आहे, ते भोक तोच बुजवतो.

पेटनच्या बाजूने एकच गोष्ट आहे पण ती जोरदार आहे. चौथ्या जागेसाठी तुझी मारामारी औंधशी आणि औंध म्हणजे जॉर्डन. १९९६ च्या फायनलला सिॲटलने पेटनला जॉर्डनवर चौथ्या मॅचपासून लावला आणि त्यानंतर जॉर्डनला खरंच जड गेलं, सिरीज तरी शिकागोने ४-२ नेलीच. पण उरलेल्या ४१ मध्ये तुझ्या औंधशी मॅचेस किती, पाच-सहा. तेवढ्यासाठी बाकीच्या पस्तीस वाया घालवायच्या का?

म्हणून माझं म्हणणं, रॉडमन कोथरूडला दे, ॲलन घे. त्याला फार फायदा नाही, तुला पूर्ण फायदा, आणि पहिला विरुद्ध चौथा जुळलंच तर समोर असलेली टीम तूच थोडी विस्कटून ठेवलेली असेल. वर अजून काहीतरी माग, पुढच्या ऑक्शनचे थोडे पैसे वगैरे, कारण तो आत्ता ३१-१० च्या धुंदीत आहे. कसब्याकडून घ्यायचंच असेल तर नुसत्या पेटनवर हो म्हणू नको, रॉडमनची खरी किंमत त्यांनाच जास्त आहे आणि काकांना ते माहितीये, म्हणून तर ते तुला दिवसातून दोनदा "काय रे, जेवलास का" करून फोन करतायत.

आता मतं. एमव्हीपीला आपण एनबीएसारखंच ठेवलंय, पाच नावं, १०-७-५-३-१.

विल्टचे आकडे सगळ्यात मोठे आहेत यात वादच नाही, सॉफ्टवेअर त्याचे पन्नास कमी करतं तरी आपल्याकडे अडतीसच्या आसपास पडतायत. कमी का करतं यावरून कोथरूडवाला दर रविवारी भांडतो म्हणून सांगतो: १९६१-६२ ला टीमा सरासरी ११८-११९ पॉइंट करायच्या, शॉट नुसते धडाधड, चुकायचे पण भरपूर, त्यामुळे रिबाउंड पण ढिगाने. विल्ट एकटा मॅचला साडेएकोणचाळीस शॉट मारायचा. आजच्या गतीत तेवढे पझेशनच (बॉल हातात यायच्या पाळ्या) नसतात. आणि गंमत म्हणजे त्या वर्षी खरा एमव्हीपी विल्ट नव्हताच! तेव्हा मतं खेळाडूच द्यायचे आणि त्यांनी दिला बिल रसेलला, विल्ट दुसरा, ट्रिपल डबलची (पॉइंट, रिबाउंड, असिस्ट तिन्ही दहाच्या वर) सरासरी काढणारा ऑस्कर रॉबर्टसन तिसरा. पन्नासची सरासरी काढून दुसरा नंबर. तेव्हा कोथरूडवाल्याने निदान इतिहासाकडे बघून तरी गप्प बसावं.

माझं पहिलं मत हकीमला. कारण सरळ आहे, तो बसला की कसब्याचं मार्जिन शून्याच्या खाली जातं, करी बसला तर कमी होतं पण वरच राहतं. विल्टचं असं काही काढताच येत नाही, तो बसतच नाही. दुसरा जॉर्डन १९८७-८८, ३५ पॉइंट, त्याच्या मागे औंधची टीम म्हणजे पीएमटीची शेवटची बस, मिळेल तो चढलाय, आणि तरी २२-१९. तिसरा विल्ट, चौथा करी. पाचवा माझा योकिच, २०२४-२५ चा, २९.६-१२.७-१०.२ (पॉइंट-रिबाउंड-असिस्ट) असताना पाचवा देतोय, यावरून माझा प्रामाणिकपणा बघा.

डिफेन्सवाल्या अवॉर्डला पण हकीम-जॉर्डनच आहेत आणि हे खरं अवघडंय. हकीमचे ३.७ ब्लॉक (अडवलेले शॉट) आणि १.६ स्टील (हिसकावलेले बॉल), जॉर्डनचे ३.२ स्टील आणि १.६ ब्लॉक, म्हणजे एकाचं कार्ड उलटं केलं की जवळजवळ दुसरा. एकाच सीझनमध्ये स्कोरिंगमध्ये पहिला आणि वर डिफेन्सचं अवॉर्ड, हे फक्त जॉर्डनने केलंय. तरी मी हकीम, रिंगपाशी उभा माणूस बाकी चौघांच्या चुका झाकतो म्हणून. तू जॉर्डन टाकलास तर भांडणार नाही. विल्टला मात्र देऊ नको, ब्लॉक आणि स्टील एनबीए १९७३-७४ पासून मोजायला लागली, त्याच्या कार्डवरचे ते आकडे सॉफ्टवेअरचा अंदाज आहेत, अंदाजाला कसलं अवॉर्ड.

सिक्स्थ मॅन, म्हणजे बाकावरून येणाऱ्यांतला सर्वोत्तम: कसब्याचा बिल वॉल्टन १९८५-८६ की औंधचा जिनोबिली २००७-०८. जिनोबिली, डोळे झाकून, वॉल्टन हकीमच्या मागे पंधरा मिनिटं तरी खेळतो का. मोस्ट इम्प्रूव्हड तर आपण बंदच करायला हवं, कार्ड बदलतच नाही तर इम्प्रूव्ह कोण आणि कसा होणार, ज्याचं नशीब जोरावर त्याला ट्रॉफी. मी कोरं सोडणार.

शनिवारी दहाच्या आत काय ते कळव, आणि रविवारी येताना तुझ्याकडची ती छोटी इन्व्हर्टरवाली वायफायची डबी घेऊन ये, कसबा-कोथरूड परत आहे आणि काकांनी आत्ताच सांगितलंय की या वेळी लाईट गेली तर मॅच रद्द धरायची.