मायक्रोब्लेडिंगचे नऊ महिने: भुवई टिकली, टेल बिघडली

मायक्रोब्लेडिंगला, म्हणजे बारीक सुयांच्या ब्लेडने भुवईच्या त्वचेत केसासारख्या रेषा (स्ट्रोक) कापून त्यांत रंग भरण्याला, नऊ महिने पूर्ण झाले. भुवयांचा पुढचा आणि मधला भाग अजूनही सुरेख आहे. आरशाला नाक टेकेल इतक्या जवळून पाहिलं तरी स्ट्रोक सुटे-सुटे दिसतात. रंग थोडा उतरला आहे, पण खऱ्या केसांत मिसळून जातो. बिघडलं ते शेवटचं टोक, म्हणजे टेल. डावीकडची टेल जवळपास निघून गेली आहे. उजवीकडची शिल्लक आहे, पण तिच्यात स्ट्रोक उरले नाहीत, नुसता राखाडी पट्टा उरला आहे. चेहरा तोच, रंगाची बाटली तीच, बैठक तीच, आणि दोन टोकांचे निकाल दोन.

म्हणून हे लिखाण त्या शेवटच्या दीड सेंटिमीटरवरच जास्त रेंगाळणार आहे. टेल गेली की भुवई अर्ध्यातच तुटल्यासारखी दिसते आणि पेन्सिल रोज हातात घ्यावी लागते. पेन्सिल सुटावी म्हणूनच तर एवढा खर्च केलेला असतो.

टेलच का बिघडते? भुवईच्या सुरुवातीला त्वचा जाड आणि भरीव असते. टोकाकडे ती पातळ होत जाते आणि खाली लगेच हाडाची कड लागते. त्यात ती जागा कानशिलाकडे वळते, म्हणजे सपाटी संपते. मायक्रोब्लेडिंगच्या ब्लेडमध्ये सुया एका ओळीत बसवलेल्या असतात. वळणावर ती ओळ सगळीकडे सारखी टेकत नाही. एका टोकाच्या सुया खोल रुततात, दुसऱ्या टोकाच्या नुसत्या वरवर ओरखडतात. अठरा सुयांचं ब्लेड भुवईच्या मधल्या लांब स्ट्रोकना छान चालतं, पण टेलसाठी कमी सुयांचं, लहान ब्लेड लावायला हवं. ब्लेड न बदलता तेच टोकापर्यंत ओढत नेलं की पहिली चूक तिथेच होते.

दुसरं कारण केसांच्या दिशेचं. टेलमध्ये वरच्या ओळीचे केस खाली येतात, खालच्या ओळीचे वर जातात आणि दोन्ही एका चिंचोळ्या रेषेत भेटतात. पुढच्या भागात दोन स्ट्रोकमध्ये सहज एक-दीड मिलिमीटर मोकळी जागा सोडता येते, इथे जागाच नसते. प्रत्येक कापाच्या बाजूने रंग भरताना थोडा पसरतोच. स्ट्रोक दाटीवाटीने घातले की ते एकमेकांत मिसळतात आणि सहा महिन्यांत त्यांचा पट्टा होतो. उजवीकडे नेमकं हेच झालं आहे. पहिल्या दिवशी टेल भरगच्च दिसली म्हणून खूश होणं चुकीचं होतं. ताज्या कामात टेल किंचित विरळ वाटली, तर ते चांगलं लक्षण समजावं.

तिसरं कारण ताण. त्वचा ड्रमसारखी ताणलेली असेल तरच काप स्वच्छ बसतो. मोकळ्या हाताची दोन बोटं आणि ब्लेड धरलेल्या हाताची करंगळी अशी तीन बाजूंनी त्वचा ताणावी लागते. टेलजवळ बोट ठेवायला धड जागा मिळत नाही, त्यात मलम आणि रंगाने बोट घसरतं. शिवाय उजव्या हाताने काम करणाऱ्याचं मनगट एका भुवईवर सरळ पडतं आणि दुसऱ्या भुवईवर वळवून धरावं लागतं. दोन्ही टेलचे निकाल वेगळे लागण्याचं मोठं कारण हेच असावं.

आता खोलीबद्दल, कारण सगळा खेळ तिचाच आहे. रंग बसायला हवा तो वरच्या त्वचेच्या जरासा खाली, आतल्या थराच्या अगदी वरच्या भागात. अर्ध्या मिलिमीटरच्याही आतला हा मामला आहे. रंग वरच राहिला, तर वरची त्वचा साधारण महिन्याभरात नवी होते तेव्हा तिच्यासोबत गळून जातो. डावीकडची टेल अशीच गेली. ब्लेड खोल गेलं तर रक्त वाहतं, रक्त रंगाला बाहेर ढकलतं, आणि जो रंग आत उरतो तो पसरतो. वर त्वचेचा जाड थर असल्यामुळे तो निळसर-राखाडी दिसतो. सुईच्या टोकाएवढे लाल ठिपके येणं ठीक, पण पुन्हापुन्हा टिपावं लागेल इतकं रक्त येणं बरोबर नाही. डोळे मिटलेले असले तरी एक खूण कळते. योग्य खोलीवर ब्लेड चाललं की बारीक करकर ऐकू येते, कडक कापडावर नख ओढल्यासारखी. पुढच्या भागात ती सलग ऐकू येत होती. टेलवर आल्यावर मधेमधे आवाज तुटत होता. त्याच क्षणी थांबवून विचारायला हवं होतं.

मॅपिंगला, म्हणजे भुवईच्या आखणीला, घाई करू देऊ नका. भुवईची सुरुवात नाकपुडीच्या कडेवरून सरळ वर, कमान नाकपुडीपासून बुबुळाच्या बाहेरच्या कडेतून जाणाऱ्या रेषेवर, टेलचा शेवट नाकपुडीपासून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातून जाणाऱ्या रेषेवर. हे तीन बिंदू जवळपास सगळेच घेतात, रंगवलेल्या धाग्याने रेषाही उमटवतात. कुणी १:१.६१८ मापाचा कंपास लावतं. त्या आकड्याचं फार मनावर घेऊ नये, चेहरे मापात बसवलेले नसतात. खरा मुद्दा वेगळा आहे. आखणी झोपवून केली असेल तर उठून बसा, चेहरा सैल सोडा, डोळे उघडे ठेवा आणि समोरून फोटो काढायला सांगा. आडवं झाल्यावर कपाळाची त्वचा मागे सरकते आणि टेल प्रत्यक्षापेक्षा वर दिसते. बोलताना एक भुवई जास्त उचलायची सवय बऱ्याच जणांना असते, तीही बसल्यावरच कळते. टेलचं टोक भुवईच्या सुरुवातीच्या खालच्या कडेपेक्षा खाली उतरता कामा नये. उतरलं तर चेहरा सतत दमलेला दिसतो, आणि हे पेन्सिलसारखं पुसता येत नाही.

बधिर करण्याच्या क्रीमबद्दल थोडंच. लिडोकेन असलेली क्रीम वीस ते तीस मिनिटं ठेवतात, पहिल्या फेरीनंतर उघड्या त्वचेवर दुसरं जेल लावतात. जेल जास्त वेळ राहिलं की त्वचा फुगते, ओलसर-मऊ होते आणि ब्लेड नीट चालत नाही. दुखणं सुसह्य असतं. पहिली फेरी, मग रंगाचा लेप पाच-दहा मिनिटं तसाच ठेवून दुसरी फेरी, इतकं पुरे. त्याच कापात तिसऱ्यांदा ब्लेड फिरवू देऊ नका, रंग वाढत नाही, व्रण पडतो.

पहिला महिना संपताना मत असं होतं की रंगच हलका निघाला. ते मत बदललं. भरून येण्याचे टप्पे सगळ्यांचे साधारण सारखेच जातात: पहिल्या दिवशी लालसरपणा आणि लस (कापांतून पाझरणारं पाणी), दुसऱ्या ते चौथ्या दिवशी घाबरवणारा गडद रंग, पाचव्या दिवसापासून पापुद्रे, आणि दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास भुवया पुसून टाकल्यासारख्या. हा शेवटचा टप्पा सगळ्यात जास्त फसवतो. वर कोवळी, दुधाळ त्वचा आलेली असते आणि रंग तिच्याखाली झाकला जातो. चौथ्या आठवड्यापर्यंत तो पुन्हा वर दिसू लागतो. पुढच्या भागात तो परत आला, डाव्या टेलमध्ये आला नाही. म्हणजे दोष बाटलीचा नव्हता.

मग सगळं खापर ब्लेडवर फोडलं, तेही पूर्ण बरोबर नाही. मलमाचा हात सैल सुटला होता. दोन्ही भुवयांना मिळून तांदळाच्या एका दाण्याएवढं मलम पुरतं, तेही स्वच्छ बोटाने नाही तर कापसाच्या काडीने, चकाकी न येता त्वचा नुसती मऊ राहील इतकंच. जास्त लावलं की ते कपाळाच्या उतारावरून ओघळून टेलवर साठतं, खपली भिजते आणि रंगासकट सुटून येते. पहिल्या दिवशी साधारण दर तासाला उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने लस टिपायची, कारण लस वाळली की जाड खपली धरते. चोळायचं मात्र नाही. दुसरी चूक झोपण्याची. डाव्या कुशीवर झोपण्याने उशी नेमकी डाव्या टेलला घासते. पहिले दहा दिवस पाठीवर झोपणं जमत नसेल, तर एक टेल जाणार हे गृहीत धरा. चष्म्याच्या काडीचंही तेच, ती टेलच्या जवळून जाते. घाम, वाफ, पोहणं, ऊन आणि भुवयांवर मेकअप हे दोन आठवडे पूर्ण बंद. खपली नखाने काढायचा मोह होतो, तिथे हमखास भोक पडतं.

नवव्या महिन्यात उजवी टेल राखाडी दिसते त्यात खोलीबरोबर रंगाच्या घटकांचाही हात आहे. भुवयांच्या रंगात लोहाचे ऑक्साइड असतात, तांबडा, पिवळा, काळा, आणि पुष्कळ मिश्रणांत कार्बनचा काळाही असतो. कार्बनचे कण फार बारीक आणि चिवट. उबदार छटा आधी उतरतात, कार्बन मागे राहतो आणि भुवई करडी होते. उलट ज्या मिश्रणात काळेपणा फक्त लोहाच्या ऑक्साइडचा असतो, त्यात काळा आधी जातो आणि लालसर किंवा नारिंगी झाक राहते. म्हणून काम सुरू होण्याआधी बाटलीच्या लेबलचा फोटो काढून ठेवा: रंगाचं नाव, बॅच क्रमांक, मुदत, घटकांची यादी. युरोपीय संघात ४ जानेवारी २०२२ पासून अशा रंगांतल्या घटकांवर मर्यादा आहेत आणि लेबलवर बॅच क्रमांक व घटक देणं बंधनकारक आहे, तेव्हा लेबल दाखवा ही मागणी काही विक्षिप्त नाही. टच-अपला, म्हणजे भरून आल्यावरच्या दुरुस्तीच्या बैठकीला, दुसरा माणूस भेटला तरी हा फोटो असला की रंग जुळवता येतो.

टच-अप सहा ते आठ आठवड्यांनी. ते पहिल्या शुल्कात धरलेलं आहे का, हे आधीच लिहून घ्या. काटकसर म्हणून टच-अप वगळणं हा सगळ्यात महागडा निर्णय ठरतो, कारण पहिल्या बैठकीत रंग कुठे धरला आणि कुठे नाही हे भरून आल्यावरच कळतं. निम्मं काम तेव्हाच होतं. आणि टच-अपला हात कुठे लावायचा हे तुम्ही बोट ठेवून सांगा. आमच्या टच-अपमध्ये पुढच्या भागात, जिथे गरज नव्हती तिथे, पाच-सहा स्ट्रोक वाढले. डाव्या टेलला तीन मिळाले. उजव्या टेलमध्ये, जिथे आधीच दाटी होती, तिथेही भर पडली. त्या दाटीला नाही म्हणायला हवं होतं.

रोजच्या वापरात एक सवय लावून घ्यावी लागते. रेटिनॉल, फळांच्या आम्लांची सीरम आणि स्क्रब भुवयांपासून बोटभर लांब ठेवायचे. हे सगळं वरची त्वचा लवकर झडवतं आणि रंग आधी फिका होतो. कपाळाला लावलेलं सीरमही हाताने खाली ओढलं जातं आणि पहिलं पोचतं ते टेलवर. पूर्ण भरून आल्यावर भुवयांवर सनस्क्रीन रोज. एमआरआय करायची वेळ आली तर लोहयुक्त रंग आहे हे तंत्रज्ञाला सांगा, क्वचित तिथे गरम किंवा झिणझिण्या लागल्यासारखं होतं.

त्वचा तेलकट, छिद्रं मोठी असतील तर केसासारखे स्ट्रोक घेऊच नका, वर्षभरात ते धूसर होतात. मशीनने ठिपके भरून केलेली पावडर भुवई अशा त्वचेवर जास्त टिकते. केलॉइडची (व्रण जाड, उंच वाढण्याची) प्रवृत्ती, गर्भारपण, आटोक्यात नसलेला मधुमेह असेल तर थांबा. आयसोट्रेटिनॉइन (मुरुमांवरचं औषध) चालू असेल किंवा नुकतंच बंद केलं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. आणि ब्लेडचं पाकीट तुमच्या समोर फोडायला लावा, त्यावरची निर्जंतुकीकरणाची तारीख वाचा.

उजव्या टेलचा राखाडी पट्टा लेझरने घालवावा असं वाटलं होतं, पण घाई केली नाही. लोहाचा ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेला रंग लेझरने उलट काळा पडू शकतो. आधी केसाएवढ्या जागेवर चाचणी घेतल्याशिवाय कुणालाही पूर्ण टेलवर लेझर मारू देऊ नये. पट्टा आपोआप उतरू देणं सध्या बरं.

वर्षाच्या रिफ्रेशसाठी, म्हणजे रंग ताजा करण्याच्या बैठकीसाठी, सांगायचं ठरलं आहे ते एवढंच: पुढच्या भागाला हात लावायचा नाही. उजव्या टेलवर नवा स्ट्रोक नको, फक्त उबदार छटेचा हलका ठिपक्यांचा थर, तोही मशीनने. डाव्या टेलला लहान ब्लेडने चार स्ट्रोक, प्रत्येक स्ट्रोकआधी त्वचा पुन्हा ताणून, आणि शेवटचे तीन मिलिमीटर मोकळे सोडून.