साठ डबे, एक पोल आणि निळा झालेला माइक

रोज संध्याकाळी बरोबर पाच वाजता मी फोनचा स्क्रीनशॉट काढते आणि मगच काटवट पुढ्यात ओढते. स्क्रीनशॉट असतो व्हॉट्सअ‍ॅपवरच्या पोलचा. 'आज रात्री भाकरी की चपाती?'

सांगलीत विश्रामबागला माझी मेस आहे. वालचंद आणि विलिंग्डन कॉलेजची पोरं-पोरी, दोन-तीन बँकेतली माणसं आणि घरी एकटे राहणारे काही आजी-आजोबा मिळून रात्रीचे साठेक डबे जातात. चौदा वर्षं झाली. या कामात फोन आता तव्याइतकाच लागतो. व्हॉट्सअ‍ॅपवर दर दोन-चार महिन्यांनी काहीतरी नवीन येतं, पोरं येऊन दाखवतात, आणि मी ते माझ्या स्वयंपाकघरात लावून बघते. त्यातलं काय टिकलं, ते लिहिते. मी व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस वापरते, अँड्रॉइडवर, आणि अ‍ॅपची भाषा मराठी ठेवलीय.

पोलपासूनच सुरुवात करते, कारण माझा सगळा धंदा त्यावर उभा आहे. भाकरीचा हिशेब चपातीसारखा नसतो. कणीक जास्त झाली तर झाकून ठेवता येते, सकाळी तिच्या पोळ्या होतात. ज्वारीचं पीठ आधणाच्या पाण्यात मळलं की लगेच थापायचं, ठेवलं की कडेला चिरा पडायला लागतात. आणि रात्रीची उरलेली भाकरी दुसऱ्या दिवशी डब्यात घालणं मला पटत नाही. डब्याला दोन भाकरी, किलोला दहा-बारा भाकरी. परवा 34 जणांनी भाकरी म्हटलं, म्हणजे 68 भाकरी, सहा किलोच्या वर पीठ. त्यात दहा जणांचा अंदाज चुकला तर 20 भाकरी वाया, नाहीतर ऐन आठ वाजता परत चूल पेटवायची.

पूर्वी मी ग्रुपवर नुसतं विचारायची. कुणी 'भाकरी' लिहायचं, कुणी 'माझी पण तीच', कुणी दोन तासांनी 'चपाती चालेल काकू'. मी वहीत रेघा मारत बसायची आणि मधेच कुणीतरी मॅचचा स्कोअर टाकला की मोजणी चुकली. नोव्हेंबर 2022 मध्ये पोल आले. बारापर्यंत पर्याय टाकता येतात, मी तीनच टाकते: भाकरी, चपाती, आज नको. एकापेक्षा जास्त उत्तरांची परवानगी आठवणीनं बंद करते, नाहीतर पोरं दोन्हीवर बोट ठेवतात. कुणी काय निवडलं ते नावानिशी दिसतं. माझं खरं कल्याण केलं ते त्या तिसऱ्या 'आज नको' नं. शनिवारी निम्मी पोरं गावाकडं जातात आणि सांगायला विसरतात. 'मी नाही' असं लिहायला त्यांना अवघड वाटायचं, एक टिचकी मारायला वाटत नाही.

एकच सांभाळायचं. मत नंतरही बदलता येतं. पाचनंतर कुणी भाकरीवरनं चपातीवर गेलं तर तोवर माझं पीठ मळून झालेलं असतं. म्हणून स्क्रीनशॉट. पाचला जे होतं ते पक्कं, हे सगळ्यांना माहीत आहे, आणि मत दिलंच नाही त्याला चपाती. आजी-आजोबांना मी पोलच्या भानगडीत पाडत नाही, त्यांना चारला फोन करते. दात नसलेल्या माणसाची भाकरी पोलवर ठरवायची नसते, त्याला ती दुधात कुस्करून हवी की आमटीत, हे विचारावं लागतं.

मेसेजवर चिन्ह देण्याची सोय, रिअ‍ॅक्शन म्हणतात ती, मे 2022 मध्ये आली तेव्हा सहाच चिन्हं होती, मग दोन महिन्यांत कुठलंही देता यायला लागलं. वरवर बघता खेळणं आहे. पण त्याआधी मी 'आज डबा अर्धा तास उशिरा' असं लिहिलं की खाली चाळीस वेळा 'ओके काकू' यायचं आणि जो उशिरा फोन बघायचा त्याला माझा मूळ मेसेज सापडायचाच नाही. मग तो फोन करून विचारणार, डबा कुठं आहे? आता चाळीस अंगठे एकाच मेसेजच्या पायाशी गोळा होतात आणि मेसेज जागच्या जागी राहतो.

मेसेज पाठवल्यावर दुरुस्त करता येतो तो 2023 पासून, पण पंधरा मिनिटांच्या आत. मी हात कामात असले की बोलून टाइप करते. एकदा 'आज दही नाही' च्या जागी 'आज डबा नाही' असं गेलं. दोन मिनिटांत माझ्या लक्षात आलं, दाबून धरलं, शब्द बदलला. खाली बारीक अक्षरात 'संपादित' येतं, ते मला बरं वाटतं, लपवाछपवी नाही. पूर्ण काढून टाकलं असतं तर 'हा मेसेज हटवला' एवढंच दिसलं असतं आणि काकूंनी काय लिहिलं होतं म्हणून दहा जणांनी विचारलं असतं. पंधरा मिनिटं मला कमी पडतात. फोडणी टाकली की पंधरा मिनिटं कुठं जातात कळत नाही.

आता व्हॉइस मेसेजबद्दल सांगते, यावर मला जास्त बोलायचंय. माझे हात दिवसभर पिठात. माइकचं चिन्ह दाबून वर सरकवलं की कुलूप लागतं आणि मग बोट धरून ठेवावं लागत नाही. मी करंगळीनं ते सरकवते, फोन डब्यांच्या मांडणीला टेकवून ठेवते आणि थापता थापता बोलते. मागं भाकरीचा थपथप आवाज येतो. पोरं म्हणतात, काकू, तो आवाज आला की भूक लागते.

माझ्याकडं जत तालुक्यातला एक पोरगा आहे, दुसऱ्या वर्षाला. त्याच्या आईला लिहिता-वाचता येत नाही. अर्धं मराठी, अर्धं कानडी बोलतात त्या. पहिल्या वर्षी पोराला ताप आला तेव्हा त्यांचा पहिला व्हॉइस मेसेज आला, साडेतीन मिनिटांचा. 'ताई, त्याला तिखाट देऊ नका, मऊ भात द्या, वरनं जरा तूप सोडा, तो लाजतोय, मागायचा न्हाई.' मी ऐकला आणि लगेच भात टाकायला उठले, उत्तर द्यायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी उत्तर नाही दिलं म्हणून माफी मागायला फोन केला. त्या म्हणाल्या, 'आवो, माईक निळा झालता की. ऐकलंय तुमी, कळलं मला.'

मी तेव्हापर्यंत ते कधी नीट बघितलंच नव्हतं. आपण पाठवलेला आवाज समोरच्यानं ऐकला की आपल्या फोनवर तिथला छोटा माइक निळा होतो. मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा सेटिंगमधनं बंद करता येतात, या माइकचा निळा रंग मात्र बंद करता येत नाही. ज्या बाईला एक अक्षर वाचता येत नाही, तिला तो एवढासा निळा रंग वाचता येतो. पोल, स्टिकर सगळं बाजूला ठेवून विचाराल तर या सगळ्या प्रकारात मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट ही. 2021 मध्ये आवाज दीडपट आणि दुप्पट वेगानं ऐकायची सोय झाली. दूधवाला, गॅसवाला, भाजीवाला यांचे मेसेज मी दुप्पट वेगानंच ऐकते. जतच्या ताईंचे नाही. आवाजाचं अक्षरात रूपांतर करायचीही सोय आता काही भाषांत आहे, पण त्यांचं बोलणं मला ऐकायचंच असतं.

स्टिकरची गंमत आमच्या घरात जुनी आहे. 2003 च्या सुमारास धाकटे दीर मस्कतला होते आणि आम्ही स्टेशन रोडच्या सायबर कॅफेत बसून याहू मेसेंजरवर त्यांच्याशी बोलायचो. त्यात बझ म्हणून बटण होतं, दाबलं की समोरच्याची खिडकी गदगदा हलायची. सासूबाईंना बाकी काही नको असायचं, 'मला तेवढं हलवू दे' म्हणायच्या. लेकराला हलवून उठवल्यासारखं वाटायचं त्यांना. ते मेसेंजर जुलै 2018 मध्ये बंद झालं. मग मुलाच्या फोनवर हाईक आलं, आपल्या देशातलं, त्यात मराठी बोलणारे स्टिकर होते. तेही जानेवारी 2021 मध्ये बंद पडलं. व्हॉट्सअ‍ॅपनं स्टिकर 2018 मध्ये दिले आणि फोटोपासून अ‍ॅपमध्येच स्टिकर करायची सोय 2024 मध्ये. फोटो निवडायचा, मागचं सगळं आपोआप कापलं जातं, वर अक्षरं लिहायची, झालं.

पोरींनी माझा पळी धरलेला फोटो घेऊन दोन स्टिकर केले. एकावर लिहिलं 'जेवला काय?' आणि दुसऱ्यावर 'डबा धुऊन द्या'. हा दुसरा म्हणजे माझ्यासाठी वरदान. खरकटा डबा परत येणं ही मेस चालवणाऱ्या बाईची रोजची जखम असते. आमटी वाळून तळाशी चिकटते, झाकणाचं रबर वास धरतं. वर्षानुवर्षं मी गोड बोलून सांगितलं, रागावून सांगितलं, कागद चिकटवला. रागावलं की पोरं दोन दिवस धुतात आणि चार दिवस तोंड चुकवतात. आता ज्याचा डबा खरकटा आला त्याला एकट्याला स्टिकर जातो. तिकडनं कान धरलेला स्टिकर येतो आणि दुसऱ्या दिवशी डबा लख्ख. कुणाचा अपमान नाही, चारचौघांत बोलणं नाही. पहिला स्टिकर पुण्यात नोकरीला गेलेली पोरं अजून मला पाठवतात, रात्री नऊच्या सुमाराला, उलट मलाच विचारायला.

लाइव्ह लोकेशन 15 मिनिटं, 1 तास किंवा 8 तास दाखवता येतं. डबे पोचवणारा पोरगा साडेसातला निघताना तासाभराचं ग्रुपवर टाकतो. पावसात तो कुठं थांबलाय ते सगळ्यांना दिसतं, त्याचा फोन वाजत राहत नाही, आणि गाडी चालवताना त्यानं फोन उचलू नये ही माझी मोठी काळजी मिटली. अनोळखी नंबरचे कॉल आपोआप गप्प करायची सोय 2023 मध्ये आली. घरच्या सगळ्यांच्या फोनवर ती मी स्वतः चालू करून दिली. माझ्या फोनवर नाही करता येत, नवीन गिऱ्हाईक अनोळखी नंबरावरनंच येतं. बिझनेसमधली लेबलं मात्र धंदेवाल्यानं वापरावीतच. 'पैसे बाकी' चं लेबल लावलं की महिनाअखेरीला वही उघडायला नको. एआयचा निळा गोल आलाय, त्याला मी अजून काही विचारलेलं नाही. उद्या कुठली भाजी करायची ते मंडईत गेल्यावर कळतं.

सांगलीत राहून पुराबद्दल लिहिलं नाही तर अर्धंच लिहिल्यासारखं होईल. माझं माहेर गावभागात, म्हणजे जुन्या सांगलीत. 2019 च्या ऑगस्टात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं तेव्हा आई-दादा माळ्यावर होते आणि मी इकडं विश्रामबागला फोन धरून. ग्रुपवर मिनिटाला दहा मेसेज. कुठल्या तरी वर्षाचे, कुठल्या तरी नदीचे व्हिडिओ 'आत्ताचं' म्हणून फिरत होते. खरी पातळी कुठल्या मेसेजमध्ये आहे ते शोधायला वर-वर सरकवत राहायचं, तोवर खाली आणखी वीस आलेले. ती रात्र मी विसरणार नाही.

त्या सुमारापासून दोन गोष्टी झाल्या. खूपदा पुढं ढकललेल्या मेसेजवर दुहेरी बाण दिसायला लागला, आणि एप्रिल 2020 पासून असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. आणि डिसेंबर 2023 मध्ये मेसेज वर टाचून ठेवायची सोय आली, 24 तास, 7 दिवस किंवा 30 दिवस. आमच्या गल्लीच्या ग्रुपवर आता पावसाळ्यात एकच मेसेज वर टाचलेला असतो: आयर्विनची आत्ताची पातळी, मोजल्याची वेळ, आणि शेजारी इशारा 40, धोका 45. ज्याला पातळी बघायची तो वर बघतो. माझी आई 78 वर्षांची आहे, ती चष्मा लावून तेवढी एक ओळ वाचते आणि सामान बांधायचं की नाही ते ठरवते. दुहेरी बाण दिसला की ती आता म्हणते, 'हे फिरून आलंय, ऱ्हाऊ दे.' तिला हे शिकवायला मला एक दुपार लागली.

पोरांच्या आग्रहानं महिनाभर टेलिग्रामवरही मेस चालवून बघितली. तिथं पोल आणखी भारी, मेसेज दोन दिवसांपर्यंत दुरुस्त करता येतो, आवाज न करता पाठवता येतो. आणि ठरवलेल्या वेळी मेसेज जाईल असं आधीच लावून ठेवता येतं, ही सोय 2019 पासून आहे आणि मी तिच्या प्रेमात पडले. पण आजी-आजोबा तिथं नाहीत, जतच्या ताई तिथं नाहीत, गॅसवालाही नाही. परत आले. झोहोचं अरट्टई पण पोरांनी घालून दिलंय, तमिळमध्ये अरट्टई म्हणजे गप्पा, नाव मला फार आवडलं. तिथंही माझी माणसं जमली तर जाईन.

ती ठरवलेल्या वेळेची सोय माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर अजून आलेली नाही, तेवढी यावी असं फार वाटतं. मला दुसऱ्या दिवशीचं जेवण रात्री अकराला, भांडी आवरताना सुचतं. त्या वेळी पाठवलं तर अभ्यासाला बसलेल्या पोरांचे फोन वाजतात, सकाळवर ठेवलं तर पहाटेच्या घाईत राहून जातं. तोवर फ्रिजवरच्या वहीत लिहून ठेवते. आजच्या पानावर आहे: उद्या अख्खा मसूर, कांदा जास्त आणायचा, दोन नंबरच्या आजींना तिखट वेगळं, आणि सकाळी सातला ग्रुपवर टाकायचं की दही मिळणार नाही.