गावठी कुत्रीला घेऊन डॉग ट्रेनिंग क्लासला गेलो, त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगून देतो, मी कुत्र्यावाला माणूस नाही. म्हणजे नव्हतो. आठ वर्षांचा होतो तेव्हा बाजाराच्या दिवशी एक कुत्रं पोटरीले चावलं, आणि तेव्हा इंजेक्शनं पोटात द्यायचे, बेंबीच्या आजूबाजूला, चौदा. ती जुनी लस २००५ च्या आसपास आपल्याकडं बंद झाली, आता दंडात चार-पाच घेतले की काम होते, पण माझे ते चौदाच्या चौदा झाले आणि पुढची तीस वर्षं कुत्रं दिसलं की माझा हात आपोआप दगडाकडं जायचा.

आता वय ४१. वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात, बोरच्या जंगलाला लागून वावर आहे, कपाशी, तूर आणि थोडासा चना. दोन वर्षांआधी कापूस वेचणीच्या वेळी एक पिल्लू बंडीखाली, म्हणजे बैलगाडीखाली, येऊन बसलं. वेचणाऱ्या बायांनी भाकरीचा तुकडा टाकला, कपाळावर पांढरा ठिपका म्हणून नाव ठेवलं टिकली, आणि वेचणी संपली, बाया गेल्या, टिकली राहिली. मी हाकललं पण. दोनदा. तिसऱ्यांदा हाकलायला गेलो तर ती माझ्या चपलेवर डोकं ठेवून झोपली होती, आता झोपलेल्याला कसं हाकलता. बस, तिथून माझं बिघडलं. रात्री मोबाईलवर कपाशीचे भाव पाहायच्या ऐवजी कुत्र्यांचे व्हिडिओ पाहू लागलो, बायको म्हणे, "अहो, तुम्हाले काय झालं?"

ट्रेनिंगची गरज काहून पडली ते सांगतो, कारण शहरातल्या लोकांना वाटते हे शौकाचं काम आहे. टिकलीला रानडुक्कर दिसलं की ती सुटायची आणि मग कोणाच्या बापाचं ऐकायची नाही. आमच्या भागात डुकरांसाठी कोणी झटका मशीन लावते, त्याचा झटका बसते पण जीव जात नाही, पण कोणी कोणी चोरून सरळ लाइनचा करंट सोडते तारेत, त्यानं माणसं पण मेली आहेत. फासे वेगळे. आणि बिबट तर आहेच, बोर २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला, देशातल्या लहानात लहान प्रकल्पांपैकी एक, पण बिबट्याला काही हद्द समजत नाही, शेजारच्याचं कुत्रं गोठ्यातून उचलून नेलं. म्हणून मला शेकहँड नको होता, नमस्ते नको होता. बोलावलं की यावं, एवढंच.

पहिला अनुभव वाईट. एका ट्रेनरकडं एक महिन्याचं पॅकेज होतं, कुत्रं त्यांच्याकडं ठेवायचं, ट्रेन करून परत देणार, १२,००० रुपये. नवव्या दिवशी न सांगता पाहायला गेलो तर गळ्यात चोक चेन, म्हणजे ओढली की गळा आवळणारी साखळी, आणि मी नुसता डोक्याला गमछा बांधायला हात वर केला तर टिकली जागेवर मुतली. तसाच उचलून घेऊन आलो. पैसे अर्धे पण वापस नाही भेटले. यावर जास्त लिहित नाही, डोकं फिरते.

आता ज्याचा रिव्ह्यू आहे तो क्लास. नागपूरच्या अलीकडे वर्धा रोडवर एका लॉनवर भरते, चार रविवार, सकाळी साडेसहा ते आठ, फी ४,५०० आणि नंतर एकदा फोनवर फॉलोअप. नाव टाकत नाही कारण सर स्वतःच म्हणाले की बॅच फुल आहे, नंबर नका वाटू. मित्राची ओमनी घेऊन पहाटे पाचला निघायचो. बाबा ओसरीवरून म्हणे, "पोट्टे जाऊन नाही राहिले शाळेत अन् हा कुत्रीले घेऊन चालला." तिथं तीन लॅब, एक जर्मन शेफर्ड, एक पग, आणि एक हस्की (विदर्भात हस्की, मे महिन्यात ४५ डिग्री असते बाप्पा, काय विचार करून घेते लोक). एका मॅडमनी विचारलं, ब्रीड कोणतं. मी म्हटलं, सेलू तालुका.

सर मारत नाही, ओरडत नाही, हे पहिलं. क्लिकर वापरतात, म्हणजे ते टिक-टॉक वाजणारं प्लास्टिकचं डब्बीसारखं, आत लोखंडी पत्ती असते, शंभराच्या आत भेटते. पहिले दोन दिवस काहीच शिकवायचं नाही, फक्त वाजवायचं आणि लगेच खाऊ द्यायचा, पंधरा-वीस वेळा, वाजवायचं-द्यायचं. मला वाटलं पैसे गेले. तिसऱ्या दिवशी वाजवलं तर टिकली दुसरीकडं पाहत होती ती गर्रकन मान वळवून माझ्या हाताकडं! मग समजलं की तो आवाज म्हणजे पावती आहे, आत्ता जे केलं ते बरोबर, याचे पैसे भेटणार. खाऊ द्यायला दोन सेकंद लागले तरी चालते, पावती मात्र त्याच क्षणी फाटली पाहिजे, कुत्रं बसलं तेव्हा वाजवायचं, बसून उठलं तेव्हा नाही. माझी अर्धी चूक इथंच होती. सरांनी सांगितलं की ही पद्धत पुढं आली ती डॉल्फिनवाल्यांकडून, १९६० च्या दशकात हवाईमध्ये डॉल्फिनला शिट्टी वाजवून शिकवत होते, कारण डॉल्फिनला पट्टा कुठं बांधणार आणि काठी कशी मारणार. हे मला एकदम पटलं. तूरीत शिरलेली टिकली आणि पाण्यातला डॉल्फिन, आपल्या हातात दोघंही नाहीत.

सगळ्यात कामाची गोष्ट दुसऱ्या रविवारची. सर म्हणाले, भाऊ, तुम्ही तिला कशाकशासाठी बोलावता ते सांगा. मी आठवलं. संध्याकाळी बांधायला. गोचीड काढायला. चप्पल चावली म्हणून रागवायला. सर काही बोललेच नाही, नुसते पाहत राहिले. "ये" म्हटलं की हिचं वाईटच होते, मग ती काहून येईल? तो शब्द तुम्ही जाळून टाकला म्हणे, आता नवीन घ्या. बाकी सगळ्यांनी "कम" घेतलं. मी घेतलं "वापस". हा शब्द एकदाच बोलायचा, चार-चार वेळा नाही, आणि त्यावर आली की दरवेळी काहीतरी चांगलंच भेटणार, बांधायचं असलं तर आपण चालत जाऊन बांधायचं. दहा मीटरची लांब दोरी लावून हे करायचं. कॉटनची घ्या, नायलॉननं माझा तळहात सोलून निघाला.

खाऊचं सांगतो. मी पहिल्या दिवशी गोरसपाक (आमच्याकडची तुपातली गोड बिस्किटं) घेऊन गेलो होतो, वर्ध्याचा माणूस दुसरं काय नेणार, तर सर हसले, म्हणे गोड-तुपाचं हिला नको, तुम्हीच खा, आणि खरंच त्यांनी पण दोन खाल्ले. त्यांच्याकडं विकत पाकिटं आहेत ३५० ची, काही गरज नाही. कोंबडीची कलेजी उकडून बोटाच्या पेराएवढे तुकडे करा. घरच्या घरी सरावाला फुटाणे पण चालते. मनुके आणि कांदा मात्र बिलकुल नाही.

आता कमी काय ते. लॉनवर हिरवळ, शांतता, ना बकरी, ना गाय, ना डुक्कर. लॉनवर "वापस" म्हटलं की टिकली पहिल्याच महिन्यात तीरासारखी यायची, आणि गावात आलो की बकऱ्या दिसल्या की ट्रेनिंग गेली खड्ड्यात. सरांना विचारलं तर खरं बोलले, म्हणे रानडुकरावर मी कधी केलं नाही, पण दुरून सुरू करा. मग मी गावातल्या बकऱ्यांच्या कळपापासून पन्नास पावलांवर दोरी लावून उभा राहायचो, ती माझ्याकडं पाहिली की टिक, कलेजी. मग चाळीस पावलं. लोकं मला पाहून काय काय बोलले ते इथं लिहिता येत नाही. पूर्ण चार महिने गेले. ही गोष्ट क्लासनं आधीच सांगायला पाहिजे की चार रविवारात काही होत नाही. आणि रेबीजच्या लसीवर एक शब्द नाही, मला वाटते फी घेताना पहिले कार्ड पाहायला पाहिजे. पिल्लाला तीन महिन्यांची झाल्यावर आणि मग दरवर्षी, टिकलीचं मी सगळं केलं आहे, चौदा इंजेक्शनवाला माणूस विसरणार कसा.

नोव्हेंबरमधली गोष्ट. सूर्य बुडून राहिला होता, दोरी नव्हती. तूरीत खसफस झाली आणि टिकली सुटली, सरळ शेजारच्या धुऱ्याकडं, म्हणजे बांधाकडं, जिथं तार आहे. माझ्या तोंडातून "वापस" निघालं, एकदाच. ती अजून तीन उड्या पुढं गेली. मग थांबली, तोंड डुकराकडं, एक कान मागं माझ्याकडं, शेपूट ताठ, मी श्वास धरून उभा. आणि वळली. माझ्या खिशात कलेजी नव्हती, डब्यात पोळी-वांग्याची भाजी होती, पोळी होती तेवढी सगळी दिली.

दरवेळी येते असं नाही. परवा सशामागं गेली ती वीस मिनिटांनी आली, जीभ लटकवत, मोठी शहाणी. म्हणून क्लासला १० पैकी ७. आधीच्या पॅकेजवाल्याला शून्य पण जास्त होते.

जाणार असाल तर जुलैनंतर जा, उन्हाळ्यात क्लास बंद असते ते बरंच आहे. क्लिकर दोन घ्या, पावसात भिजला की आतली पत्ती गंजते आणि आवाज बसते. माझा पहिला तसाच गेला, तर मी जिभेनं टॉक करू लागलो, आपण बैलांना हाकलताना करतो तसं. बंडी जुंपलेली होती, मी टिकलीसाठी टॉक केलं, बैल चालू लागले, आणि टिकली रस्त्याच्या मधोमध बसून खाऊची वाट पाहून राहिली.