बंब गळतोय: डाख मारू, गॅस मारू की सरळ वेल्डिंग?

परवा खानापूरहून मावसभावाचा फोन, आंघोळीचं पाणी तापवायच्या तांब्याच्या बंबाबद्दल. "दादा, बंब गळाय लागलाय, वेल्डिंग करून घेऊ काय?" मी म्हटलं, वेल्डिंग म्हणजे तुला नेमकं काय म्हणायचंय ते आधी सांग. तो गप्प. आता त्याचं तरी काय चुकलं, आमच्या बेळगाव भागात धातूला धातू चिकटला की ते वेल्डिंग. घागरीला ठिगळ, फ्रिजची नळी, गेटचा बिजागर, सगळं वेल्डिंगच. कन्नडात तर 'बेसुगे' म्हटलं की डाखही (कथील-शिशाचा जोड) आला, वेल्डिंगही आलं आणि मनं जुळणंही त्यातच आलं. मराठीत वेगळे शब्द आहेत, नाही असं नाही, पण आमची आजी 'झाळून आण' म्हणायची, वडील डाख म्हणायचे आणि शेजारच्या काकू डाग म्हणतात, त्यामुळे 'घागरीला डाग आहे' म्हणजे डाग पडलाय की डाग दिलाय हे घागर उलटी करून बघितल्याशिवाय कळत नाही. सोनाराकडे गेलात तर डाग म्हणजे आख्खा दागिनाच! आणि तिथलं ते केडीएम, लोक शुद्धतेचा शिक्का समजतात, मुळात ते झाळायच्या कॅडमियमचं नाव. कॅडमियमच्या धुराने कारागिराची फुप्फुसं खराब होतात म्हणून ते मागे पडलं, शब्द मात्र अजून काउंटरवर फिरतोय.

असो, बंबाचं बोलू. मी या तिन्ही गोष्टी आमच्या एकाच बंबावर करून बसलोय, त्यामुळे थोडं सांगू शकतो, पण मी काही कारागीर नाही, तुमच्या बंबाची गोष्ट वेगळी असू शकते.

पहिला डाख. कथील आणि शिसं, खाली नवसागर नाहीतर जस्त विरघळवलेलं ऍसिड, तापवलेल्या तांब्याच्या ठोकळ्याने फिरवलं की दहा मिनिटांत काम खलास. दीडशे रुपये. दिसायला एकदम चकचकीत, बोट फिरवलं तर जोड लागतसुद्धा नाही हाताला. थंड पाण्याच्या वस्तूला, पत्र्याच्या डब्याला, झारीला मी आजही डाखच सांगेन, उगाच खर्च कशाला. (प्यायच्या पाण्याच्या भांड्याला शिशाचा डाख मात्र नको, तिथं बिनशिशाचा मागा.) पण डाख १८३ अंशाच्या आसपास पाघळायला लागतो. बंबात पाणी आहे तोवर जोड शंभराच्या वर जात नाही, सगळं ठीक. घरात चार माणसं आंघोळीला, शेवटचा पाणी संपवून जातो, वर ओतायचं विसरतो आणि खाली विस्तव तसाच. झालं. पाणी नाही म्हटल्यावर तांबं बघता बघता दोनशेच्या वर जातं आणि दीडशे रुपये राखेत.

आणि खरं सांगू का, पैशाचं दुःख नव्हतं. बंबाचं मधलं नळकांडं तळाला जिथं मिळतं ना, तिथून थेंब. धार लागली तर माणूस बंब बाजूला ठेवतो, चूल पेटवतो, हा थेंब तसला नाही. पहाटे साडेपाचला करवंट्या घालून जाळ पेटवायचा, जरा धरला म्हणेपर्यंत चुर्र. परत फुंकायचं, परत चुर्र. न्हाणी धुराने भरलेली, डोळ्यांतून पाणी, जाळीखाली राखेचा चिखल, आणि आई आतून विचारतेय "तापलं काय रे?" दोन हिवाळे मी हे केलं. दोनदा डाख मारून आणला आणि दोन्ही वेळा संक्रांतीच्या आधीच चुर्र सुरू.

मग मी पण भावासारखाच शहाणपणा केला. रागाने एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये नेला आणि म्हटलं वेल्डिंग मारून दे. तिथल्या पोराचा दोष नाही, त्याचा दिवस लोखंडात जातो, त्याने विजेच्या वेल्डिंगचा रॉड लावला. लोखंडापेक्षा तांबं उष्णता किती तरी पटीने पटकन पळवतं, त्यामुळे आधी कितीही मारा, काही धरत नाही, आणि धरतंय वाटेपर्यंत पत्रा एकदम बसतो. टाचणीएवढ्या भोकाचं आठ आण्याएवढं झालं. तांब्याचं वेल्डिंग होतच नाही असं नाही, टिग नावाच्या वेगळ्या वेल्डिंग मशीनवर होतं, आमच्या बेळगावच्या उद्यमबागेत चांगले हात आहेत, पण आपल्या जुन्या ठोक्याच्या बंबासाठी कोण मशीन लावून बसणार? मला तरी कोणी भेटला नाही.

तिसरा उपाय म्हणजे लोक ज्याला गॅस वेल्डिंग म्हणतात ते. ते वेल्डिंग नव्हेच खरं तर, ब्रेझिंग. वेल्डिंगमध्ये दोन्ही तुकडे स्वतः वितळून एक होतात. इथं तांबं वितळत नाही, ते १०८५ अंशाला वितळतं, आणि जोडायच्या धातूची काडी त्याच्या बरीच आधी वितळून फटीत ओढली जाते. डाखात पण हेच होतं म्हणा, फक्त ४५० अंशाच्या खाली. माझ्या बंबाला फ्रिजवाले तांब्याच्या नळीला वापरतात ती फॉस्फरसवाली काडी लागली, साधारण सातशे-आठशे अंशाला पाणी होते आणि तांब्याला तांबं असेल तर टाकणखारसुद्धा लागत नाही. लोखंडाला मात्र ती चालत नाही, जोड काचेसारखा तडकतो, तेव्हा तुमच्या बंबाची जाळी किंवा पाय लोखंडी असतील तर आधीच सांगा.

गॅसवाल्याने बंब बघितला आणि पहिलं वाक्य, "हेच्यावर आधी डाख मारलाय न्हवं?" तोंड वाकडं करून तासभर खरवडत बसला. जुनं शिसं-कथील राहिलं तर काडी नीट धरत नाही, जोड ठिसूळ होतो, भोकं राहतात. भोकावर तांब्याचं ठिगळ टाकलं ते वेगळं. सातशे रुपये घेतले, त्यातले निम्मे माझ्या दोन डाखांचेच म्हणायचे.

दिसायला काळा, ओबडधोबड, मुंगीच्या वारुळासारखा जोड. शिवाय एवढं तापवल्यावर आजूबाजूचं ठोकलेलं तांबं मऊ पडतं, आमच्या बंबाला तिथं घागर आपटून पोचा आलाय, तो कायमचा. बोगारवेसच्या बाजूला जुनी भांडी बघणारे एक काका तो जोड बघून "बंब बिघडवलास की रे" म्हणाले, आणि दिसण्यापुरतं बोलायचं तर त्यांचं खोटं नाही. शोभेला ठेवायचा असेल तर डाखच बरा, व्हय.

पण चार हिवाळे झाले. मध्ये दोनदा तरी बंब कोरडा तापलाय, एकदा तर माझ्याच हातून. सकाळी जाळी उचलतो तेव्हा खालची राख कोरडी असते, फुंकली तर उडते.

भावाला एवढंच सांगितलं की दुकानात वेल्डिंग हा शब्द काढूच नको, तांब्याचा बंब आहे, गॅसवर काडीने जोडून दे असं म्हण, आणि काय वाट्टेल ते कर पण त्याच्या आधी डाख मारू नको. तो म्हणतो आधी दीडशेत होतंय काय बघतो.