पेन टॅब्लेट की वहीवर रोखलेला मोबाईल?

दहावीचं गणित ऑनलाइन शिकवायला घेतलं की हा प्रश्न येतोच: पेन टॅब्लेट (संगणकाला जोडायची, पेनाने लिहायची पाटी; अक्षर उमटतं ते स्क्रीनवर) घ्यावा, की स्टँडला मोबाईल लावून सरळ कागदावर लिहावं? मी दोन्ही वापरलेत.

बीजगणितापुरतं म्हणाल तर टॅब्लेट उजवा. वर्गसमीकरणात चिन्ह चुकलं तर खोडता येतं, तास संपला की सगळ्याची पीडीएफ ग्रुपवर टाकता येते. शिवाय रेंज गेली तर शेअर केलेली स्क्रीन अडखळते, पण अक्षर बहुधा वाचता येतं. कॅमेऱ्याचं चित्र मात्र लगेच धूसर होतं. हात एकीकडे, नजर दुसरीकडे, याची सवय होते. माझ्या शिरोरेघा अजून वाकड्याच येतात, ते सोडा.

घोडं अडलं ते गणित भाग २, म्हणजे भूमितीमधल्या भौमितिक रचनेपाशी. वर्तुळाबाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका काढायच्या आहेत. तो बिंदू केंद्राला जोडायचा, त्या रेषाखंडाचा लंबदुभाजक काढायचा, मग मध्यबिंदूवर टोक ठेवून केंद्रापर्यंतच्या अंतराने वर्तुळाला छेदणारे कंस मारायचे. टॅब्लेटवर कंपास टेकवणार कुठे? सॉफ्टवेअरमध्ये वर्तुळ आयतंच उमटतं. जिओजेब्रा हे भूमितीच्या आकृत्या काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, छान आहे, बिंदू सरकवून दाखवायला मीही उघडतो. पण मुलांचं अडतं ते कंपास धरण्यात. टोक सरकतं, अंतर मधेच बदलतं, लंबदुभाजकाचे कंस छेदतच नाहीत, कारण अंतर निम्म्याहून कमी घेतलेलं असतं. हे शिकवायला माझा हात दिसावा लागतो. बोर्डाचा पेपरही कागदावरच सोडवायचा आहे.

कॅमेऱ्याचेही नखरे आहेत. हात मध्ये आला की फोकस गडबडतो. उजव्या हाताने लिहीत असाल तर दिवा डावीकडे ठेवा, नाहीतर नेमकी आकृतीवर सावली. साधी पेन्सिल मुलांच्या फोनवर दिसत नाही, जास्त गडद उठणारी टू-बी घ्या. ऑनलाइन तासाला संगणकाखेरीज मोबाईलही वेगळा जोडलात तर त्याचा माईक आणि स्पीकर दोन्ही बंद करा, नाहीतर कानठळ्या बसवणारी शिट्टी.

बारावीचं कलन शिकवणार असाल तर टॅब्लेट घ्यायला माझी हरकत नाही. दहावीच्या वर्गासाठी, निदान पहिलं वर्ष, मी तरी स्टँडवरच भागवीन.