फोटोचं डेस्कटॉप ॲप: सी शार्प घ्यावं का सी प्लस प्लस?

लग्नाचे हजार-दोन हजार फोटो उघडून निवडायचं ॲप बनवायचंय आणि गाडी अडलीये ती सी शार्पमधलं डब्ल्यूपीएफ का सी प्लस प्लसमधलं क्यूटी (दोन्ही ॲपच्या विंडो आणि बटणं बनवायच्या टूलकिट) इथे, तर मी दोन्हीत असलं काम केलंय म्हणून सांगतो.

आधी हिशोब करा. २४ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ६०००×४०००, दर पिक्सेलला ४ बाइट, झाले ९६ एमबी. डिस्कवर तीच फाइल ८-१० एमबीची दिसते म्हणून आपण फसतो. असे वीस उघडले की जवळजवळ २ जीबी रॅम गेली, भाषा कुठलीही असो. डब्ल्यूपीएफमध्ये डिकोडपिक्सेलविड्थ (फोटो किती पिक्सेल रुंद उघडायचा ते) २०० ठेवली किंवा क्यूटीत इमेजरीडरला सेटस्केल्डसाइझने तसाच छोटा आकार दिला की थंबनेल शंभरेक केबीत बसतं. इथवर दोघं बरोबरीत.

सी शार्पमध्ये गार्बेज कलेक्टर (न लागणारी मेमरी आपोआप मोकळी करणारा) आहे म्हणजे मेमरी लीक होत नाही, हे मात्र डोक्यातून काढा. माझ्या ॲपमध्ये अल्बमची विंडो बंद केली तरी रॅम उतरायचीच नाही, दोन दिवस डोकं फोडलं, शेवटी सापडलं काय तर एका स्टॅटिक (ॲप चालू असेपर्यंत जिवंत राहणाऱ्या) इव्हेंटला += करून विंडो जोडलेली आणि -= करून सोडवायची राहिलेली, त्यामुळे अख्खी विंडो फोटोंसकट धरून ठेवलेली. शिवाय ८५,००० बाइट किंवा त्याहून मोठा ॲरे मेमरीच्या वेगळ्या भागात (हीपवर) जातो, तो जनरेशन २ च्या, म्हणजे क्वचित होणाऱ्या पूर्ण सफाईतच सुटतो, म्हणून मोठा बफर एकदाच घ्या आणि तोच फिरवा.

क्यूटीत पॅरेंट ऑब्जेक्ट गेला की त्याची पोरंही डिलीट होतात, बाकीच्याला युनिकपॉइंटर (स्वतः संपताना मेमरी सोडणारा पॉइंटर), मेमरी कधी सुटणार ते तुमच्या हातात. पण इथे चूक झाली तर ॲप नुसतं जड होत नाही, थेट क्रॅश होऊ शकतं, तेही कस्टमरसमोर. आणि एक गंमत: क्यूइमेजची (क्यूटीत फोटो धरणाऱ्या ऑब्जेक्टची) कॉपी फुकट वाटते कारण आतला डेटा शेअर्ड असतो, पण नुसते पिक्सेल वाचायला म्हणून बिट्स() बोलावलं की शेअर्ड इमेजची खरीखुरी ९६ एमबीची कॉपी होते. कॉन्स्टबिट्स() वापरा.

इलेक्ट्रॉन, म्हणजे वेबच्या तंत्रानं डेस्कटॉप ॲप बनवायची टूलकिट? सोबत क्रोमियम हा अख्खा ब्राउझर येतो, या कामाला मी नाही घेणार.

फक्त विंडोज, एक-दोघांची टीम, ग्रिड आणि टॅगिंग एवढंच असेल तर डोळे झाकून डब्ल्यूपीएफ. मॅकही हवाय किंवा रॉ (कॅमेऱ्यातल्या कच्च्या) फाइलींवर एडिटिंग करायचंय तर क्यूटी, फक्त त्याच्या एलजीपीएल या ओपन सोर्स लायसन्सच्या अटी आधीच वाचून घ्या. आणि काहीही घेतलंत तरी पहिल्याच आठवड्यात एकच अल्बम दहा वेळा उघडून बंद करा आणि टास्क मॅनेजरमध्ये आकडा खाली येतोय का बघा.